वाड्याला साहेबाचा कोट

आमच्या वाड्याचं हेरिटेज हॉटेल करायचं की नाही, यावरून गेले चार महिने घरात फोनाफोनी चालू आहे. नागपूर, पुणे, रायपूर आणि थेट न्यू जर्सीपर्यंतचे सगळे चुलतभाऊ एका बाजूला, आणि मी एकटी दुसऱ्या बाजूला. वाडा सामाईक आहे, त्यामुळे सगळ्यांच्या सह्या लागतात. लेकीबाळींच्याही लागतात (कायद्याची कृपा!), आणि नेमकी माझीच अडली आहे. फोनवर माझं बोलणं दुसऱ्या वाक्याच्या पुढे कुणी जाऊ देत नाही, म्हणून इथे सगळं एकदाच लिहून टाकते. दादा, वहिनी, काकाजी, रागावू नका. पण पूर्ण वाचा, आणि मग काय ते बोला.

जे आमच्या घरातले नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. गोंदिया जिल्हा, अर्जुनी-मोरगाव तालुका. धानाचा मुलूख. चार पावलं चाललं की एखादा तलाव किंवा बोडी लागते. आमच्या पणजोबांकडे गावाच्या मालगुजारीतला साडेतीन आण्यांचा हिस्सा होता, आणि त्यांनी बांधलेला हा वाडा. सागवानी खांब, कौलारू छप्पर, पुढे ओसरी, मध्ये चौक, मागे धानाचं कोठार. गेली पंधरा वर्षं तिथे कायमचं कुणी राहत नाही. मागची एक भिंत पडली आहे आणि पावसाळ्यात चौकात बेडूक नांदतात.

तर दादाने एक सल्लागार गाठला. त्याने चौदा स्लाइडचं सादरीकरण केलं. पहिल्याच स्लाइडवर आमच्या वाड्याचा फोटो आणि खाली लिहिलेलं, 'कलोनियल मॅनर'. मॅनर! आजी ज्याला जन्मभर वाडा म्हणाली आणि गावातले लोक ज्याला आजही 'मालकाची कोठी' म्हणतात, त्याचं हे बारसं. पुढच्या स्लाइडवर बैठकीचा झाला 'लायब्ररी बार', धानाच्या कोठाराचा झाला 'स्पा', आणि सालदार जिथे जेवायला बसायचे त्या पडवीत आलं 'बार्बेक्यू कोर्ट'. चौकात निळाशार स्विमिंग पूल. वाड्यापासून दोनशे पावलांवर गाळाने भरलेला गावतलाव आहे, त्याचा मात्र चौदा स्लाइडमध्ये उल्लेख नाही. फोटोत तो येऊ नये म्हणून कॅमेराही बहुतेक जरा डावीकडे वळवला असावा.

दादा म्हणाला, "आधी अशा एखाद्या ठिकाणी राहून तर ये, मग बोल." म्हटलं ठीक आहे. गोंदियाहून गाडीने जबलपूर, तिथून पिपरिया, आणि पुढे घाटाने पचमढी. मुद्दाम पचमढीच निवडली, कारण आपला भाग पूर्वी मध्य प्रांतात होता आणि पचमढी ही त्या प्रांताची उन्हाळी राजधानी. आपल्या मुलखाचा सारा ठरवणारे साहेब एप्रिल-मेमध्ये नागपूरच्या उन्हातून पळून जिथे बसायचे, ती ही जागा. तिथल्या एका साहेबी बंगल्याचं हेरिटेज हॉटेल झालं आहे, त्यात दोन रात्री राहिले. हॉटेलाचं नाव लिहीत नाही, कारण माझं भांडण त्या एका हॉटेलाशी नाही. माथेरानला, महाबळेश्वरला, उटीला, कुठेही गेलात तरी कमीजास्त फरकाने हेच दिसेल.

आधी चांगलं ते सांगते. डागडुजी उत्तम केली आहे. सिमेंट फासून वाट लावलेली नाही. भिंती जाड, छत उंच, व्हरांड्यात लांब हातांच्या वेताच्या खुर्च्या. पहाटे धुकं थेट पायरीपर्यंत येतं. अशी झोप कित्येक वर्षांत लागली नव्हती. ज्यांनी ही वास्तू पडू दिली नाही त्यांचे आभारच मानले पाहिजेत.

पण जेवणघराच्या भिंतीवर बघितलं आणि माझी खुर्चीतली बैठक मोडली. वाघावर पाय देऊन उभे असलेले साहेब. टेनिस खेळणाऱ्या मडमा. पोलोचा संघ. खोल्यांना कर्नल आणि कमिशनरांची नावं. मेन्यूकार्डावर मलिगटॉनी सूप आणि कॅरमल कस्टर्ड. वाढायला आलेला मुलगा जेमतेम वीस-बावीसचा, डोक्याला तुरा काढलेला लाल फेटा, कमरेला पितळी बक्कलाचा पट्टा. मी विचारलं, "तुमच्याकडे असा फेटा बांधतात का?" तो हसला. "नहीं मॅडम, ये ड्रेस है." गाव विचारलं तर म्हणाला, खालचं. गोंडांचं. त्याचं पूर्वीचं गाव जंगलात होतं, सातपुडा व्याघ्र प्रकल्पातून जी गावं हलवली त्यांतलं एक. म्हणजे त्या अख्ख्या जेवणघरात ज्याचे पूर्वज या डोंगरावर खरोखर राहत होते असा एकच माणूस होता, आणि त्यालाच वेष दिलेला होता!

आता त्या भिंतीवर काय नव्हतं ते बघा.

१८५८ मध्ये तात्या टोपे नर्मदा ओलांडून सातपुड्यात उतरले. याच डोंगरांतले जहागीरदार ठाकूर भभूतसिंग त्यांच्या बाजूने उभे राहिले, पुढे इंग्रजांशी झुंजले आणि शेवटी पकडले जाऊन मृत्युदंडाला सामोरे गेले. कॅप्टन फोर्सिथने पचमढीत 'बायसन लॉज' बांधलं ते १८६२ मध्ये. बोरीचं जंगल सरकारने राखीव केलं ते १८६५ मध्ये. सालं ओळीने लावून बघा. आधी उठाव मोडला, मग बंगला आला, मग जंगलाला कुंपण. पर्यटकाला मात्र या मालिकेतला फक्त मधला भाग दाखवतात, आणि तोही चहा-बिस्किटांसकट. (जून २०२५ मध्ये मध्य प्रदेश सरकारने भभूतसिंगांच्या स्मरणार्थ मंत्रिमंडळाची बैठक पचमढीत घेतली. सरकारला आठवण झाली, जेवणघरांना व्हायची आहे.)

आणखी एक. १८९६-९७ आणि १८९९-१९००, असे दोन भयंकर दुष्काळ मध्य प्रांतात पडले. १८९१ ते १९०१ या दहा वर्षांत प्रांताची लोकसंख्या वाढण्याऐवजी घटली. प्रांताची माणसं कमी होत होती त्या उन्हाळ्यांतही पचमढी ही साहेबांची थंड हवेची जागाच होती. म्हणून आज तिथे कुणी थंड हवा खाऊ नये असं मी म्हणत नाही. मी स्वतःच खाऊन आले. पण तुम्ही मला 'इतिहास' म्हणून जादा पैसे लावता, तर इतिहास पूर्ण द्या ना! दुधात पाणी घातलं तर आपण गवळ्याशी भांडतो. इथे तर दूधच काढून घेतलंय आणि साय तेवढी विकतायत.

माझं म्हणणं एवढंच आहे. जुनी वास्तू दुरुस्त करणं वेगळं, आणि तिला मालकाच्या नजरेने सजवून विकणं वेगळं. अशा हॉटेलात पाहुण्याला दोन दिवस साहेब व्हायला मिळतं. खुर्ची साहेबाची, वाढणारा साहेबाचा, भिंतीवरचा वाघ साहेबाचा. हे नाटक आहे, आणि या नाटकात एक पात्र कायम फेटा बांधून उभं लागतं. आमच्या गावात तो फेटा कोण बांधणार, हे दादालाही माहीत आहे आणि मलाही. ज्यांचे आजोबा आमच्या आजोबांपुढे वाकून उभे राहायचे, त्यांचीच नातवंडं. शिकून, मोठ्या कष्टाने त्या ओसरीपासून चार पावलं लांब गेलेली ही पोरं आपण पगार देऊन पुन्हा तिथेच उभी करायची?

आता कुणी म्हणेल, अगं, पण आपण कुठे साहेब? आपण तर इथलेच. खरं आहे. पण पूर्ण खरं नाही. भोसल्यांच्या काळात आमच्याकडचा पाटील गावाचा सारा गोळा करून पोचवणारा होता. इंग्रजांनी नागपूरचं राज्य १८५४ मध्ये खालसा केलं, आणि १८६० च्या दशकातल्या बंदोबस्तात या सारा गोळा करणाऱ्यालाच गावाचा मालक करून टाकलं. मालगुजार हा आपल्याला वाटतो तसा अनादि काळापासूनचा राजा नव्हे, साहेबाच्या कागदाने तो मालक झाला. त्या अर्थाने सल्लागाराचा 'कलोनियल' हा शब्द चुकून बरोबरच आहे म्हणा!

वाड्याच्या कोठारात लाल कापडात बांधलेल्या बह्या आहेत. लहानपणी त्यांना हात लावू देत नसत. मागच्या वर्षी मी त्या बाहेर काढून बघितल्या. एक बही वाडा बांधतानाची आहे. सुतार, बेलदार, गाडीवान, पाणी वाहणाऱ्या बाया. सुतारापुढे रुपये आणे, बेलदारापुढे धानाच्या पायल्या. आणि पुष्कळशा नावांपुढे मजुरीच्या रकान्यात नुसती आडवी रेघ. ती रेघ म्हणजे काय, ते काकाजींनी मला न विचारता सांगितलं होतं. बेगार. पाणी वाहणाऱ्यांची तर नावंसुद्धा नाहीत, 'बाया ११' एवढंच. तो वाडा माझ्या पणजोबांनी बांधला असं आपण म्हणतो तेव्हा ही रेघ आपण वाचतच नाही.

पण वाडा तिथेच का बांधला? कारण तिथे तलाव होता. हे उलटं लक्षात ठेवलं जातं म्हणून मुद्दाम सांगते. आधी तलाव, मग धान, मग सारा, आणि त्या साऱ्यातून वाडा. आपल्या झाडीपट्टीत हे तलाव गोंड राजांच्या काळापासूनचे. जो तलाव बांधेल त्याला त्याच्या पाण्याखालची जमीन मिळायची, असा तेव्हाचा रिवाज. कोहळी मंडळींनी तर तलाव बांधणं हीच आपली विद्या केली. उतार कुठे, पाळ केवढी, पाणी सोडायचं तुडुम कुठे, जास्तीचं पाणी जाऊ द्यायचा सांडवा कुठे, हे कुठल्याही कॉलेजात न जाता. आमच्या तालुक्यातला नवेगावबांध अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी बांधला असं सांगतात. त्याच्याभोवतीच्या टेकड्यांना 'सात बहिणी' म्हणतात, आणि कोलू पाटलांचा तर लोकांनी कोलासूर देव केला, त्याचं ठाणं तलावाकाठीच आहे. तलाव बांधणाऱ्याला देव करणारा आपला मुलूख. आणि आपण कसलं हेरिटेज करतोय? वेताच्या खुर्चीचं!

केंद्राच्या पर्यटन खात्याच्या लेखी हेरिटेज हॉटेल म्हणजे १९५० पूर्वीची हवेली, किल्ला, राजवाडा, शिकारीचा बंगला वगैरे. हे साल वाचून मला हसू आलं. आमच्याकडे मालगुजारी संपवणारा कायदा झाला तोही १९५० चा, आणि ३१ मार्च १९५१ पासून तो लागू झाला. मालगुजाराकडे वाडा आणि घरची सीर जमीन राहिली, तलाव सरकारजमा झाले. तेव्हापासून त्यांचं नाव 'माजी मालगुजारी तलाव', लाडाने 'मामा तलाव'. पूर्व विदर्भात असे साडेसहा हजारांहून जास्त आहेत. आधी दर उन्हाळ्यात गाळ निघायचा, पाळ दुरुस्त व्हायची. काही लोक स्वखुशीने राबायचे, काही बेगारीने, ते मी वर लिहिलंच आहे. पुढे ते काम सरकारचं झालं, लहान तलाव बहुतेक जिल्हा परिषदेकडे गेले, आणि सगळ्यांचं ते कुणाचंच नाही अशी गत झाली. गाळ साचला, बेशरम माजली, कडेकडेने अतिक्रमणं झाली.

म्हणजे १९५० आधीच्या दोन वस्तू आपल्या गावात आहेत. एक वाडा, एक तलाव. वाडा एका घराचा, तलाव अख्ख्या गावाचा. वाड्यावर आज कुणाचं पोट नाही. तलावावर ढिवरांच्या घरांचं आहे, खालच्या बांध्यांतल्या धानाचं आहे, गुराढोरांचं आहे. सारस पक्षी महाराष्ट्रात उरलाय तो जवळजवळ फक्त गोंदिया जिल्ह्यात, आणि तोही धानाच्या बांध्या आणि तलावांच्या आधाराने. पण खात्याच्या यादीत शिकारीचा बंगला बसतो, तलाव बसत नाही.

हे नुसतं रडगाणं नाही. आमच्याच तालुक्यात भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने ढिवर समाजाला बरोबर घेऊन तलाव परत जिवंत करून दाखवले आहेत. बेशरम उपटायची, तलावातल्या मूळच्या पाणवनस्पती पुन्हा लावायच्या, गावठी मासे वाढू द्यायचे. कुठली वनस्पती कुठल्या माशाला लागते हे ढिवर म्हाताऱ्यांना तोंडपाठ आहे. हे ज्ञान म्हणजे हेरिटेज नाही तर काय? ते जपायला वेताची खुर्ची लागत नाही. त्या म्हाताऱ्याचं ऐकून घेणारा माणूस लागतो.

आता तुमचे मुद्दे. पहिला मुद्दा, हॉटेल केलं नाही तर वाडा पडेल. हा खरा मुद्दा आहे आणि त्याने मलाही रात्री झोप येत नाही. पण सादरीकरणातला खर्चाचा तक्ता पुन्हा एकदा बघा. छप्पर आणि पडलेली भिंत मिळून जेवढा खर्च आहे, त्याहून जास्त त्या पूलचा आणि 'पिरियड फर्निचर'चा आहे. म्हणजे वाडा वाचवणं हे यातलं लहान काम आहे. बाकीचा पैसा त्याला साहेबाचा कोट चढवण्यात जातोय.

दुसरा मुद्दा, रोजगार. गावातल्या दहा-बारा जणांना काम मिळेल म्हणता. मिळेल. पण तलावाचा गाळ निघाला, मासळी वाढली, दुसऱ्या धानाला पाणी मिळालं तर किती घरांना मिळेल? आणि ते काम कुणाच्या ओसरीवर उभं राहून करायचं नसेल.

तिसरा मुद्दा, नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प २०१३ मध्ये झाला, आता वाघ बघायला लोक येतात, त्यांना राहायला जागा हवी. हवीच. पण लोक कशासाठी येतात ते तर बघा. व्यंकटेश माडगूळकर नागझिऱ्याला राहिले ते जंगल बघायला, आणि त्या मुक्कामावर त्यांनी अख्खं पुस्तक लिहिलं. तिथल्या विश्रामगृहात तेव्हा वीजही नव्हती. मारुती चितमपल्ली तर नवेगावच्या तलावाकाठी वर्षानुवर्षं राहिले, आणि ढिवर, गोंड, कोहळी मंडळींकडून शिकत राहिले. आपल्या मुलखात येऊन राहण्याची जी खरी परंपरा आहे ती ही. तिला मलिगटॉनी सूप लागत नाही. तांदळाची भाकर आणि तलावातल्या मासोळीचा रस्सा पुरतो.

चौथा मुद्दा कुणी उघड बोलत नाही, मीच बोलते. आपल्या सगळ्यांनाच कुठेतरी आत वाटतं की पुन्हा एकदा त्या ओसरीवर मालक म्हणून बसावं. पणजोबांचा फोटो दिवाणखान्यात लागावा, आणि मुंबईचे पाहुणे त्याखाली उभे राहून 'वॉव' म्हणावेत. हा मोह मलाही समजतो. पण त्या 'वॉव'साठी मी सही करणार नाही.

मग काय झालं तर करेन, तेही सांगते, म्हणजे 'हिला नुसता नन्नाचा पाढा येतो' असं कुणी म्हणायला नको.

पहिलं म्हणजे छप्पर आणि भिंत. त्यासाठी माझ्या हिश्श्याचे पैसे मी उद्या द्यायला तयार आहे, हॉटेल होवो न होवो. दुसरं, पूल रद्द. त्याचे पैसे तलावाच्या कामाला द्यायचे, तेही ग्रामसभेला आणि ढिवरांच्या संस्थेला विचारून, ते म्हणतील तसे. आपण तिथे 'दाते' म्हणून पाटी लावायची नाही. तिसरं, पाहुण्यांसाठी चार-पाच खोल्या जरूर करू, पण त्या गावातल्या बायकांच्या बचत गटाने चालवायच्या, नफा त्यांचा, आपल्याला भाडं. नाव 'वाडा' किंवा गावाचं. मॅनर नाही. फेटा नाही, पट्टा नाही, कुणाला हौस असेल तर पाहुण्याने बांधावा. आणि चौथं, बैठकीत पणजोबांच्या फोटोशेजारी ती बही काचेत ठेवायची, वाडा बांधतानाचं पान उघडून. रेघांसकट. 'बाया ११' सकट. येणाऱ्याला वाचता येईल अशा उजेडात.

हे चारही मान्य असेल तर कागद पाठवा, त्याच दिवशी सही करून पाठवते. यातलं चौथं तुम्हाला सगळ्यात जड जाणार हे मला माहीत आहे. काकाजी, तुमचं मत मला आधी हवं आहे, कारण त्या रेघेचा अर्थ मला तुम्हीच सांगितला होता.